वरुणाचा पत्ता

बोअरची गाडी सुरू असली की शेतात सगळेच मुक्यांसारखे हातवारे करून बोलतात. कंप्रेसर घुमायला लागला की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, आणि तोंड उघडलं की पांढरी भुकटी घशात जाते. म्हणून जे काय बोलायचं ते रॉड बदलताना. वीस फूट खाली गेलं की ड्रायव्हर हवा बंद करतो, पोरं पाना लावून पुढचा रॉड जोडतात. तेवढ्या चार-पाच मिनिटांत शेतकरी पाण्याचं विचारून घेतो, ड्रायव्हर तंबाखू मळून घेतो आणि मी खालून आलेला चुरा बघून घेतो.

मी भूजलाचं काम करतो. अंबाजोगाईला राहतो, बीड-लातूरच्या पट्ट्यात फिरतो. जमिनीत चार सळ्या ठोकायच्या, वीज सोडायची, खालचा खडक तिला किती अडवतो ते मीटरवर बघायचं आणि बोअरचा पॉइंट सांगायचा. गावोगावी मला ‘मशीनचा पाणाडी’ म्हणतात. नारळाच्या पाणाड्यापेक्षा माझी फी जास्त. अंदाज किती बरोबर येतात, तो विषय आज नको.

तर एप्रिलमध्ये केजच्या अलीकडे एका माळावर तात्यांचं बोअर चालू होतं. तात्या सत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ, पायात टायरच्या चपला. मी सवयीप्रमाणे दर दहा फुटांना मूठभर चुरा घेऊन, बादलीत खळबळून, युरियाच्या रिकाम्या पोत्यावर ओळीने मांडत होतो. माती, मुरूम, मग पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या खडक, मग काळा.

“साहेब, हे काय दुकान मांडायलात?”

“तात्या, खालचा खडक वर आलाय, ओळीनं ठेवायलोय.”

तिसरा रॉड संपत आला आणि बोअरमधून उडणारा पांढरा धूर एकदम लाल झाला. मी रॉडवर बघितलं, अठ्ठावन्न फूट. “गेरू लागला,” ड्रायव्हर तोंड वाकडं करून म्हणाला. हा लाल थर बोअरवाल्यांना आवडत नाही. ओला झाला की फुगतो, ढासळतो, केसिंगचा पाइप जास्त उतरवावा लागतो, आणि मग केसिंगच्या फुटांवरून शेतकऱ्याशी हुज्जत. हवा बंद झाली. तात्यांनी लाल चुरा चिमटीत घेऊन बघितला.

“हे लाल कशाचं?”

मी सांगितलं की खालचा पाषाण म्हणजे एकावर एक वाहत आलेले लाव्ह्याचे थर. एक थर येऊन गार झाला की पुढचा यायला कधी कधी पुष्कळ वर्षं जायची. तेवढ्यात आधीच्या थराचा माथा उन्हापावसाने कुजून त्याची माती व्हायची. मग पुढचा लाव्हा त्या मातीवर येऊन बसायचा, माती भाजून निघायची. वीटभट्टीच्या बुडातली माती होते तशी.

“म्हंजी ही आधीची जमीन?”

“आधीची जमीनच.”

“कवाची?”

“साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची.”

“कशावरनं?”

रॉड बसला, कंप्रेसर सुरू झाला, बोलणं तुटलं. पण खरं सांगतो, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला शेतात कुणी विचारला नव्हता. लोक ‘बापरे’ म्हणतात आणि पाण्याकडे वळतात. ‘कशावरून’ हा खरा प्रश्न. तात्यांना मी अर्धंमुर्धं उत्तर रॉडारॉडांतून दिलं, राहिलेलं इथे लिहितोय. त्या उत्तराचा एक मोठा तुकडा अंटार्क्टिकाच्या एका बेटावर पडलेला आहे, आणि तो वेचायला शंखासारखा वेटोळं घातलेला, अमोनाइट नावाचा एक मेलेला प्राणी कामाला येतो.

त्या प्राण्याचा एक नमुना माझ्या टेबलावर आहे. बोअरचे रिपोर्ट पंख्याने उडू नयेत म्हणून. एमएस्सीला असताना आमची सहल तमिळनाडूत अरियलूर भागात गेली होती. आम्ही मराठवाड्याची पोरं, आयुष्यभर काळा पाषाण बघितलेला, फार तर देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइट. समुद्राचा गाळ दगड होऊन पडलाय आणि त्यात शिंपले आहेत, हे पुस्तकात वाचलेलं. कराई गावाजवळच्या घळींत उतरलो तर पायाखाली बंदुकीच्या गोळ्यांसारखे बेलेम्नाइट (स्क्विडच्या जुन्या नातेवाइकांचे जीवाश्म), जिप्समच्या चकाकणाऱ्या पापुद्र्यांचे तुकडे, आणि एका घळीच्या तळाशी तळहाताएवढा अमोनाइट. पुरा, तुटफूट नाही, वेटोळ्यावरच्या फासळ्या बोटाला लागत होत्या. मी तो पायमोज्यात गुंडाळून पिशवीत टाकला आणि संध्याकाळी ऐटीत सरांपुढे ठेवला.

“कुठून घेतला?”

“त्या घळीतून, सर.”

“जागेवर होता की वरून घरंगळत आलेला?”

मला माहीत नव्हतं.

“थर कोणता? तळापासून किती उंचीवर? वहीत काय लिहिलंय?”

वहीत त्या दिवशी मी फक्त लिंबूभाताचे पैसे लिहिले होते. सरांनी दगड हातात तोलला, परत दिला आणि म्हणाले, “चांगला पेपरवेट मिळाला तुला.” बाकीची पोरं हसली. मला राग आला होता, तो पुढे चारेक वर्षं टिकला. आता मी दर दहा फुटांना चुरा मांडतो त्याचं मूळ त्या रागात आहे.

अमोनाइट म्हणजे काय ते थोडक्यात. ऑक्टोपस, स्क्विड यांचा नातेवाईक, पण अंगावर वेटोळ्याचं कवच घेऊन फिरणारा. कवचात कप्पे, प्राणी शेवटच्या मोठ्या कप्प्यात, मागचे कप्पे हवा भरून तरंगायला. कप्प्याची भिंत बाहेरच्या कवचाला जिथे भिडते तिथे एक नागमोडी रेघ उमटते, आणि ती रेघ जातीजातीत वेगळी. आपल्याकडे तो घरोघरी पोचलेला आहे, फक्त वेगळ्या नावाने. नेपाळमधल्या काली गंडकीत मिळणारा शाळिग्राम म्हणजे बहुतेक वेळा काळ्या गाळाच्या गोळ्यात अडकलेला जुरासिक काळातला अमोनाइट. आमच्या आईच्या देव्हाऱ्यात एक आहे, कडेला फट असलेला, आत चक्र दिसणारा. मी एकदा तो तिला न विचारता खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. नागमोडी रेघ दिसते का बघत होतो. मागून आवाज आला, “देवाला भिंग लावायलास होय रे?” दिसली नाही रेघ. नदीने घासून घासून गुळगुळीत केलाय. नदीने दुसरंही एक केलंय, त्याला त्याच्या थरापासून तोडलंय. हिमालयातल्या कुठल्या कड्यातून तो सुटला ते आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणजे देव्हाऱ्यातला आणि टेबलावरचा, दोघांचीही माझ्याच सहलीच्या वहीसारखी गत. (हे आईला सांगितलेलं नाही.)

थराला एवढं महत्त्व का, ते मला हाली सिक्क्यावरून समजावून सांगायला आवडतं. आजोबांच्या डब्यात निजामाचे काही रुपये होते, चारमिनार असलेले. समजा जुना वाडा उतरवताना भिंतीच्या आत, दोन दगडांच्या मध्ये, मातीत दाबलेला असा रुपया निघाला. भिंत त्या रुपयाच्या आधीची नाही, हे लगेच कळलं. शेजारच्या गावातल्या वाड्यातही तसाच रुपया निघाला तर दोन्ही भिंतींचं साधारण वय जुळलं, मालकांची ओळख असो नसो. पण रुपया अंगणात पडलेला मिळाला तर? काहीच कळलं नाही. कुणाच्याही खिशातून पडला असेल.

अमोनाइट हे असं नाणं आहे. त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या, समुद्रातून लांबवर पसरल्या आणि ठरावीक काळाने संपल्या. आल्बर्ट ऑपेल या जर्मन माणसाने १८५०च्या दशकात युरोपातले जुरासिक थर अशा नाण्यांवरून पट्ट्यापट्ट्यांत लावले, एकेक पट्टा एकेका जातीच्या नावाचा. दगडात वर्षं मोजायची सोय तेव्हा नव्हती. किरणोत्सर्गाचा शोधच पुढे १८९६ सालचा. तरी आधीचं कोण, नंतरचं कोण, हे शिंपल्यांनी बिनचूक लावून दिलं.

अडचण हाली सिक्क्याचीच. हा रुपया निजामाच्या मुलखात चालायचा. बीडच्या माणसाला नगरच्या बाजाराला जायचं तर इंग्रजी रुपया करून घ्यावा लागे आणि त्यासाठी बट्टा द्यावा लागे. अमोनाइटांचंही तसंच, उबदार समुद्रातले वेगळे, थंड समुद्रातले वेगळे. उत्तर ध्रुवाकडे बघा. जुरासिक कुठे संपतं आणि क्रिटेशस कुठे सुरू होतं हा वाद दीडशेहून जास्त वर्षं चाललाय, त्याचं मोठं कारण हेच. दक्षिण युरोपच्या समुद्रात एक तऱ्हेचे अमोनाइट, सायबेरिया-स्वालबार्ड-ग्रीनलँडकडे दुसऱ्या तऱ्हेचे. एकाला टिथोनियन म्हणायचं, दुसऱ्याला व्होल्गियन, आणि दोघांची वरची हद्द जुळते का यावर पिढ्यान् पिढ्या भांडायचं. तिथे शेवटी बुकिया नावाच्या शिंपल्यांची मदत घ्यावी लागते.

दक्षिणेला तर चलन अजूनच वेगळं. डायनोसॉर आणि अमोनाइट ज्याच्या अखेरीस संपले त्या क्रिटेशसच्या शेवटच्या टप्प्याला मास्ट्रिश्टियन म्हणतात, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिश्ट गावावरून. त्याची खालची हद्द फ्रान्समधल्या तेर्सी गावाच्या खाणीत मुक्रर केलेली. आता अंटार्क्टिकात दगड फोडणाऱ्याने फ्रान्सच्या खाणीशी हिशोब कसा जुळवायचा? त्याच्या हातात जे अमोनाइट येतात त्यातले कितीतरी फ्रान्सने कधी बघितलेलेच नाहीत.

ते बेट सेमूर. अंटार्क्टिकाचा जो लांब शेंडा दक्षिण अमेरिकेकडे जातो, त्याच्या टोकाजवळ पूर्वेला, चौसष्ट अंश दक्षिणेला. अर्जेंटिनावाले त्याला मराम्बियो म्हणतात, १९६९ पासून त्यांचा तळ आहे तिथे. अंटार्क्टिका म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरं येतं, पण या बेटाचा बराच भाग उघडा आहे. करडे-तपकिरी चिखलाचे डोंगर, घळी, गवताची काडी नाही. फोटो बघताना मला उन्हाळ्यातला आष्टी-पाटोद्याचा उघडा माळ आठवतो, फक्त बाभळी काढून टाकायच्या आणि दगडांऐवजी गाळ घालायचा. हिमयुग नव्हतं तेव्हा, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, हा समुद्राचा तळ होता. पाणी थंड, पण गोठलेलं नाही. तिथे गाळ साचत गेला, एक किलोमीटरच्या आसपास जाडीचा. त्या खडकाला लोपेझ दे बर्तोदानो असं भारदस्त नाव आहे.

१८९२च्या डिसेंबरात कार्ल आंतोन लार्सन नावाचा नॉर्वेचा कप्तान सील शोधत तिथे उतरला आणि शिंपले आणि दगड झालेलं लाकूड खिशात घालून गेला. अंटार्क्टिकातून बाहेर आलेल्या अगदी पहिल्या जीवाश्मांपैकी ते. पायमोज्यात अमोनाइट गुंडाळणाऱ्या माझ्यासारख्याला तो माणूस फार जवळचा वाटतो. पुढे १९०१ साली ओटो नॉर्डेनशेल्ड याची स्वीडिश मोहीम निघाली, जहाजाचं नाव ‘अंटार्क्टिक’, कप्तान पुन्हा लार्सन. १९०३च्या फेब्रुवारीत बर्फाने ते जहाज चिरडलं आणि ते बुडालं. माणसं तीन ठिकाणी विखुरली. एक गट स्नो हिल बेटावरच्या लाकडी घरात, एक गट होप बेला दगड रचून केलेल्या खोपटात, जहाजावरचे पॉलेट बेटावर. पेंग्विन आणि सील खाऊन हिवाळा काढला. नोव्हेंबरात अर्जेंटिनाचं ‘उरुग्वाय’ हे जहाज येऊन त्यांना घेऊन गेलं. एवढं होऊनही दगड त्यांनी बरोबर आणले! त्यातल्या अमोनाइटांवर किलियां आणि रेबूल या दोघा फ्रेंचांचं काम १९०९ साली आलं. होप बेच्या खोपटातल्या तिघांपैकी एक गुन्नार आंडरसन. पुढे चीनमध्ये पेकिंग मानवाची जागा उजेडात आली ती याच्यामुळे. नशीब काही जणांना दोनदा भेटतं, आम्हाला लिंबूभात.

आता वरुणाकडे येतो. १८४६ साली एडवर्ड फोर्ब्स या इंग्रज अभ्यासकाने पुदुच्चेरी आणि त्रिचीकडच्या जीवाश्मांवर लिहिलं. नव्या अमोनाइटांना नावं द्यायची होती. त्याने चक्क आपल्या देवांची रांग लावली. ब्रह्मा, इंद्र, सूर्य, गणेश. आणि एका लहानशा, गुळगुळीत, घट्ट वेटोळ्याच्या जातीला नाव दिलं वरुण. आज तिचं पूर्ण नाव झेलँडायटीस वरुणा. पुढे जिऑलॉजिकल सर्व्हेच्या स्टोलिच्काने १८६५च्या सुमारास दक्षिण भारतातल्या अमोनाइटांचा मोठा ग्रंथ केला, त्यात एक ‘कालिका’ आली. स्टोलिच्का १८७४ साली यारकंदहून परत येताना वाटेत वारला, लेहला त्याची कबर आहे. मग १८९०च्या दशकात फ्रांझ कॉसमाट.

हे सगळं तमिळनाडूत राहिलं असतं तर इथे लिहिलं नसतं. स्नो हिलच्या आजूबाजूला ढिगाने सापडणारा गुन्नाराइटीस हा वंश म्हणजे आपल्या कालिकेचा भाऊबंद, कॉसमाटच्या नावाच्या कुळातला. आणि सेमूरच्या अगदी वरच्या थरांत, अमोनाइट कायमचे संपायच्या जरा खाली, सापडतो तो वरुण. तिथला एक पट्टाच त्याच्या नावाने ओळखतात. युरोपचा रुपया जिथे चालत नाही तिथे पुदुच्चेरीचं नाणं चालतं. वरुण पुदुच्चेरीला ज्या थरात आहे तो मास्ट्रिश्टियनचा, तेव्हा सेमूरचा तो पट्टाही त्याच सुमाराचा. बट्टा न देता. मराठी घरात वरुण म्हटलं की पाऊस आणि समुद्र. तो चौसष्ट अंश दक्षिणेला जाऊन बसलाय, आणि बसलाय तो नेमक्या कोणत्या उंचीवर हे कुणीतरी वहीत लिहिलं, म्हणून त्याला भाव.

ते लिहिणं सोपं नव्हतं. सेमूरचा गाळ सगळा सारखाच दिसतो, आपल्या पाषाणासारखे लाल पट्टे मध्ये नाहीत. थर जरासे तिरपे. त्यामुळे किनाऱ्यापासून आतपर्यंत सरळ रेघ धरून चालायचं, दर टप्प्याला उंचीचा हिशोब करायचा आणि जागेवरचं तेवढंच लिहायचं, घरंगळलेलं सोडायचं. वारा असा की कागद धरवत नाही म्हणतात. तिथे एक अमोनाइट मिळतो डिप्लोमोसेरस नावाचा, वेटोळं न घालता पेपरक्लिपसारखा वळलेला, माणसाच्या उंचीला जाणारा. पेपरवेट आमच्याकडे, पेपरक्लिप त्यांच्याकडे.

एवढं करूनही नाणं फक्त ‘सुमार’ सांगतं. म्हणून दुसरे साक्षीदार लागतात. एक स्ट्रॉन्शियम. समुद्रात हा धातू इतका छान मिसळतो की एका वेळी साऱ्या जगाच्या समुद्रात त्याच्या दोन प्रकारांचं, ८७ आणि ८६ चं, प्रमाण एकच असतं. काळाप्रमाणे ते हळूहळू सरकतं. शिंपला आपल्या कवचात ते प्रमाण कोंडून ठेवतो. फ्रान्सचा शिंपला आणि अंटार्क्टिकाचा शिंपला, जाती वेगळ्या, पण प्रमाण जुळलं की काळ जुळला. आणि यासाठी अमोनाइटाचं स्वतःचं कवच फारसं भरवशाचं नाही. ते अॅरागोनाइटचं, लवकर बिघडतं. कालवाच्या जातीचे जाड कॅल्साइटचे शिंपले त्याहून बरे. ज्याच्या नावाने पट्टा, त्याची साक्ष कच्ची.

दुसरा साक्षीदार चुंबक, आणि इथे तात्यांचं बोअर येतं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव मधूनमधून उलटतात. क्रिटेशस संपलं तेव्हा ते उलटे होते. होकायंत्र असतं तर काटा दक्षिणेला गेला असता. त्या तुकड्याला २९ आर म्हणतात, सुमारे सात लाख वर्षांचा. लाव्हा गार होताना त्यातले लोहखनिजाचे कण तेव्हाची दिशा धरून गोठतात. समुद्रात गाळ बसताना त्यातले कणही तसेच वळतात. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा हिस्सा या उलट्या काट्याच्या काळातला आहे. सेमूरच्या चिखलाचे नमुने काढून मोजले तेव्हा तिथेही अमोनाइटांच्या शेवटाच्या आसपास तोच उलटा काटा मिळाला. आमचा पाषाण आणि तो चिखल एकमेकांपासून हजारो मैलांवर, एक आगीतून आलेला, एक पाण्यातून, आणि दोघांच्या अंगावर एकच खूण.

आणि वर्षांचा आकडा? तो आला आपल्या नावडत्या गेरूतून. लाव्ह्यात झिर्कॉन हे खनिज सहसा मिळत नाही. पण दोन लाव्ह्यांमधल्या थांबण्याच्या काळात कुठली तरी राख उडून त्या लाल मातीवर पडली, तिच्यात झिर्कॉनचे बारीक कण होते. झिर्कॉनमधलं युरेनियम ठरल्या चालीने शिसं होत जातं, ती चाल मोजली की वर्षं निघतात. सह्याद्रीतले असे लाल थर खरवडून २०१५ साली उत्तर आलं की लाव्ह्याचा मुख्य भर डायनोसॉर-अमोनाइट संपायच्या अडीचेक लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांत आटोपला. ड्रायव्हर ज्याला शिव्या देत होता त्या थराने मराठवाड्याचं जन्मसाल सांगितलं. किल्लारीला भूकंपानंतर जे खोल बोअर घेतलं त्यात ३३८ मीटर हाच पाषाण निघाला, त्याखाली आठेक मीटर जुना गाळ, मग पायाचा खडक. एवढा सगळा ढीग भूगर्भाच्या हिशोबाने एका दुपारीत पडलाय.

म्हणून आमच्या पाषाणावर खुनाचा आळ आहे. लाव्ह्याबरोबर निघालेल्या वायूंनी हवा तापली, आणि त्यात प्राणी मेले, असा. २०१६ साली सेमूरच्या शिंपल्यांतून तिथलं जुनं तापमान काढलं गेलं, आणि धूमकेतू की लघुग्रह जो काय मेक्सिकोत आदळला त्याच्या आधीच समुद्र साताठ अंशांनी तापला होता, असं त्यात दिसलं. दख्खनकडे बोट गेलं. उलट बाजूही तितकीच भक्कम. सेमूरला अमोनाइटांच्या जाती एकेक करून कमी होत गेल्यासारख्या दिसतात, पण ते फसवं असू शकतं. बालाघाटातली सीताफळं अंबाजोगाईच्या बाजारात मी शेवटची मंगळवारी बघितली, याचा अर्थ मंगळवारी हंगाम संपला असा नाही, मी बुधवारी बाजारात गेलो नाही एवढाच असू शकतो. जी जात मुळात कमी सापडते तिचा ‘शेवटचा’ नमुना खऱ्या शेवटाच्या बराच खाली मिळणार. चार्ल्स मार्शल याने १९९५ साली हे गणित सेमूरच्या अमोनाइटांना लावलं आणि सगळे एकदम संपले असतील तर ती रेघ कुठे पडेल ते काढलं. इरिडियमचा, म्हणजे आकाशातून आलेल्या धुळीचा, थर सेमूरला जिथे मिळाला होता, तो त्याच्या पट्ट्यात बसला.

माझा कल? अमोनाइट एका झटक्यात गेले असं मला वाटतं. पण आमचा पाषाण निर्दोष सुटला असंही मी म्हणणार नाही. २०१९ साली दख्खनच्या वयाची दोन मोजमापं एकाच वेळी छापून आली, एक झिर्कॉनचं, एक लाव्ह्यात कोंडलेल्या आर्गॉन वायूचं, आणि लाव्ह्याचे मोठे लोंढे नेमके कधी आले यावर दोघांचं पटत नाही. तारीख पडत राहणार.

यातलं तात्यांना मी सांगितलं ते एवढंच: समुद्रातला एक शिंपला, त्याला आपल्या वरुणाचं नाव, तो आणि तुमचा हा गेरू साधारण एका काळचे. तात्या म्हणाले, “वरुण हाय म्हन्ता, मग पानी लागायला पायजे की.”

नाही लागलं. तीनशे फुटांवर नुसता ओलावा आला, धूर उडायचा थांबला एवढंच. गाडी निघून गेली, केसिंगवरून हुज्जत झालीच. तात्यांनी दुसऱ्या पॉइंटचं विचारलं. मी म्हटलं, आधी तुमची जुनी विहीर दाखवा. विहीर खालच्या अंगाला, दोनशे पावलांवर, कठडा पडलेला, तळाला हिरवं पाणी. आत डोकावलं तर समोरच्या भिंतीत हातभर जाडीचा लाल पट्टा गोल फिरलेला. दोरीला दगड बांधून सोडला, काठापासून एक्केचाळीस फूट. मग गवंड्याची पाण्याची नळी मागवली आणि विहिरीच्या काठापासून बोअरपर्यंत आठ टप्प्यांत चढ मोजत गेलो. तात्या नळीचं एक टोक धरून, मी दुसरं. चढ भरला सतरा फूट.

एक्केचाळीस आणि सतरा, अठ्ठावन्न. मी वहीत लिहिलं, दोन्ही लाल एकच.

“मग पानी कुठं?” तात्यांनी नळी गुंडाळत विचारलं.

विहिरीत लाल पट्ट्याच्या खाली मांजऱ्या होता, झिरपा तिथून येत होता. बोअरमध्ये त्याच जागी कोरडा काळा निघाला होता. दोघांच्या मध्ये कुठेतरी मांजऱ्या संपून काळा सुरू होतो. मी उद्या सळ्या घेऊन परत येतो म्हणालो.